मोठं कार्ड

१

दोन हजार एकशे साठ फोटो हवे होते. मिळाले एक हजार बासष्ट.

शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या वनस्पती संस्थेच्या संगणक खोलीत हे उघडकीस आलं आणि साडेअकरापर्यंत गुन्हेगारही ठरला. आमच्याकडे दुसरं कुठलंच काम एवढ्या वेगानं होत नाही.

फोटो एका फुलाचे होते. काचघरातल्या त्या झाडाला सगळे ढिम्म म्हणत, कारण एकोणीस वर्षं ते ढिम्म हललं नव्हतं. अशी झाडं आयुष्यात एकदाच फुलतात. फूल तीन दिवस उघडं राहतं, मग बी धरतं आणि झाड मरतं. बुधवारी सकाळी सातला ते उमलू लागलं. समोर कॅमेरा लावला होता, दर दोन मिनिटांनी आपोआप एक फोटो. तीन दिवस, म्हणजे दोन हजार एकशे साठ. पण गुरुवारी संध्याकाळी सहा बावीसनंतर एकही फोटो नव्हता. फूल पूर्ण उघडलं शुक्रवारी.

काचघराच्या नोंदवहीत गुरुवारी सहा वीसला एकच नाव होतं: माळीणकाकूंचं. पाणी फवारायला आत गेल्या होत्या. झाडावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांच्या निबंधात आपलं नाव नाही म्हणून त्या महिन्याभरापूर्वी तक्रार घेऊन साहेबांकडे गेल्या होत्या. संधी आहे, कारणही आहे. काकूंनी रागानं कॅमेरा बंद केला, असा दीड पानाचा अहवाल तयार झाला. खाली शिक्षा होती: बडतर्फ. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

सोमवारी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. मी मोजमाप विभागात आहे. संस्थेतले तराजू आणि तापमापक खरं बोलतात की नाही, ते मी तपासते. मागून मला काटा म्हणतात. कुणी तराजूचा म्हणतं, कुणी पायातला.

"बाई, समितीत एक तांत्रिक सदस्य लागतो. इथे सही करा," साहेब म्हणाले.

"कशावर?"

"अहवालावर. चार वाजता बैठक आहे, त्याआधी झालेली बरी."

"बैठक चारला आणि निकाल आत्ताच लिहिलाय?"

"टाईप करायला वेळ लागतो हो."

मी अहवाल वाचला. त्यात 'बहुधा' हा शब्द सात वेळा होता आणि आकडा एकही नव्हता.

"सही चारला करते. कशावर, ते तेव्हा बघू."

घड्याळात दहा वाजले होते.

२

काकू काचघरात होत्या. फूल मिटून काळं पडलं होतं, देठाच्या टोकाशी हिरवी बोंडं धरली होती. त्या एकेका बोंडाला जाळीची पिशवी बांधत होत्या.

"आज काढणार म्हणे मला," त्या म्हणाल्या.

"कॅमेऱ्याला हात लावलात का?"

"मला तो कुठून चालू होतो तेही ठाऊक नाही. बंद कुठून करू?"

"गुरुवारी सहा वीसला आत होतात."

"बाई, मी सहाला असते, आठला असते, अकराला असते. दिवसातून सहा वेळा फवारा मारते. कधीही बंद पडला असता तरी मी आतच सापडले असते."

हा अख्ख्या संस्थेतला पहिला तर्कशुद्ध युक्तिवाद होता आणि तो सातवी शिकलेल्या बाईनं केला होता.

"त्यावर लाल दिवा असतो ना," त्या पिशवीची गाठ मारत म्हणाल्या, "बारीक. दर थोड्या वेळानं लुकलुकायचा. शुक्रवारी सकाळी मला दिसला नाही. मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा."

"काय म्हणाले?"

"आता म्हणतात, मी असं काही बोललेच नाही." त्यांनी पुढची पिशवी घेतली. "बी पिकायला अजून सहा आठवडे आहेत. आधी काढलं तर फुकट जातं, उशीर केला तर उडून जातं. एवढं झालं असतं म्हणजे मी आपणहून गेले असते. नोकरीचं काही नाही. पण हे बी डॉक्टर पेरणार आणि एकोणीस वर्षं पाणी कोण घालणार?"

"डॉक्टर शुक्रवारी इथे काय करत होते?"

"फोन घेऊन उभे होते. दोन तास. आले की मला म्हणायचे, बाजूला व्हा."

३

फोटोग्राफर बाहेरचा माणूस, कामापुरता बोलावलेला. त्याच्या स्टुडिओत भिंतभर त्याचेच फोटो होते. स्वतःच्या कलेबद्दल तो वीस मिनिटं बोलला. मी ती वीस मिनिटं वजा करून देते.

"कार्ड निवडणं म्हणजे भाजी आणणं नाही मॅडम," तो म्हणाला. "लोक आकडा बघतात आणि उचलतात. आधी एका फोटोचं वजन बघायचं. आमचा कच्चा फोटो तीस एमबीचा. दोन हजारांहून जास्त फोटो, म्हणजे पासष्ट जीबी झाले. चौसष्टचं कार्डसुद्धा पुरणार नाही. मग वेग बघायचा. वर छापतात तो कार्डावरचे फोटो वाचायचा वेग, फोटो लिहायचा वेग निराळाच असतो, तो कोपऱ्यात बारीक देतात. आणि कार्ड सलग घ्यायचं, जोडाजोडीचं नाही. मी सगळं सांगितलं होतं."

"लेखी?"

"लेखी दिलं ना. 'कार्ड मोठं हवं.'"

"एवढंच?"

"कळणाऱ्याला कळतं."

कळणारा म्हणजे आमचे स्टोअरवाले भाऊ. तीस वर्षांत त्यांनी कुठलीच वस्तू मागितली तशी आणलेली नाही, पण प्रत्येक वेळी कागद मात्र चोख.

"मोठं म्हणजे क्षमतेनं की आकारानं, ते लिहिलं नव्हतं," भाऊ म्हणाले. "मी म्हटलं, उगाच नंतर शब्द नको. दोन्ही आणलं."

"म्हणजे काय आणलंत?"

त्यांनी कपाटातून तशाच एका कार्डाचं रिकामं खोकं काढलं. आत प्लास्टिकच्या दोन खाचा होत्या, एक बोटभर रुंदीची आणि एक नखाएवढी.

"आत छोटं कार्ड, फोनमध्ये घालतात ते. दोनशे छप्पन जीबी. क्षमतेनं मोठं. आणि त्यावर ही खोळ. छोटं कार्ड खोळीत सरकवलं की कॅमेऱ्यात बसतं. आकारानंही मोठं. फोटोग्राफर तक्रार करेल कशाला?"

"खोळीवर काय लिहिलंय?"

"मीच लिहून चिकटवलं. 'दोनशे छप्पन'. पेननं."

"आणि आतलं छोटं कार्ड काढून दुसरं घातलं, तर बाहेरून कळेल?"

"बाहेरून कसं कळणार? ते तर खोळीवर लिहिलंय."

"त्याच कंपनीची छोटी कार्डं तुम्ही आणखी कुणाला दिली आहेत?"

"गेल्या वर्षी बत्तीस जीबीची तीन आली. एक साहेबांना, एक डॉक्टरांना, फोनसाठी. तिसरं हे." त्यांनी खणातून बंद पाकीट काढून दाखवलं. ते फोडलेलं नव्हतं.

"हे आज संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहील. आणि दोनशे छप्पनचं कुणाच्या हातात दिलंत?"

"मंगळवारी, डॉक्टरांच्या. सही आहे."

मी जिना उतरता उतरता स्वतःवर खूश झाले. कुणीतरी दोनशे छप्पन काढून बत्तीसचं घातलं होतं, ते गुरुवारी संध्याकाळी भरलं आणि कॅमेरा थांबला. समितीच्या पाकिटात पुराव्याचं कार्ड होतं. तांत्रिक सदस्य म्हणून ते उघडायचा मला हक्क होता. संगणक खोलीत मी सील फोडलं, खोळीतून छोटं कार्ड नखानं बाहेर काढलं आणि भिंगाखाली धरलं.

त्यावर छापलं होतं: दोनशे छप्पन.

४

संगणकाला जोडलं. खरोखर दोनशे छप्पन जीबी. त्यात एक हजार बासष्ट फोटो, बाकी सगळं मोकळं. जागा संपल्यामुळे हे कार्ड थांबणं शक्यच नव्हतं. अहवाल बरोबर ठरत होता आणि माझा तर्क चूक. सव्वादोन झाले होते.

चुकीच्या निष्कर्षाचा मला राग येत नाही. आकडे न घेता काढलेल्या निष्कर्षाचा येतो. म्हणून मी आकडे घेतले.

एक हजार बासष्ट फोटोंची बेरीज: तीन हजार एकशे शहाऐंशी कोटी बाइट. भाऊंचं बंद पाकीट फोडून मी तेच फोटो बत्तीसच्या कार्डावर उतरवायला लावले. पंधरा मिनिटं लागली. सगळे मावले. उरली एक कोटी बाइट जागा. एका फोटोला तीन कोटी लागतात. एक हजार त्रेसष्टावा फोटो टाकायला गेले, तर संगणकानं सांगितलं, जागा नाही.

रागावलेली बाई कॅमेरा कधीही बंद करू शकते. पण बत्तीसचं कार्ड शेवटच्या फोटोपर्यंत काठोकाठ भरेल नेमक्या त्याच मिनिटाला बंद करणं, तेही कार्ड दोनशे छप्पनचं असताना, एवढं नेमकं कुणी रागावत नाही.

मी फोटोग्राफरला फोन लावला.

"बुधवारी कार्ड कॅमेऱ्यात घातल्यावर किती फोटो मावतील, तो आकडा दिसतो. किती होता?"

"भरपूर होता."

"किती?"

"चार आकडी होता मॅडम. चार आकडी दिसला की आम्ही पुढे बघत नाही. एका समारंभाला हजार पुरतात."

"पहिला आकडा आठवतो?"

"एक. एकनं सुरू होत होता."

दोनशे छप्पनवर साडेआठ हजार दिसायला हवे होते. म्हणजे बुधवारी कॅमेऱ्यात बत्तीसचंच कार्ड गेलं. आणि शनिवारी पाकिटात आलं ते दोनशे छप्पनचं. कार्ड दोनदा बदललं होतं. आधी एकदा, आणि मग झाकण्यासाठी पुन्हा एकदा.

प्रत्येक फाइलला दोन तारखा असतात. फोटो कधी टिपला, आणि ती फाइल या कार्डावर कधी आली. बहुतेक लोक पहिलीच बघतात. मी दुसरी बघितली. सगळ्या एक हजार बासष्ट फाइली शनिवारी सकाळी आठ एक्केचाळीस ते आठ छप्पन या वेळात कार्डावर आल्या होत्या.

फुलाचे फोटो फूल मिटल्यावर जन्मले होते.

शनिवारी सातला कॅमेऱ्यातून कार्ड कुणी काढलं, ते अहवालातच होतं. डॉक्टरांनी. अकराला ते संगणक खोलीत कुणी आणून दिलं? डॉक्टरांनी.

पण मी बैठकीत हे मांडलं असतं, तर ते काय म्हणाले असते, तेही मला ऐकू येत होतं. म्हणून मी संगणक खोलीतल्या मुलीला विचारलं, "या कार्डावरून काही पुसलेलं असेल, तर परत काढता येतं?"

"वरून दुसरं काही बसलं नसेल, तर येतं."

"बघ."

तिनं प्रोग्राम लावला. पावणेचारला पडद्यावर पहिलं चित्र आलं आणि मागोमाग आवाज. ती मुलगी माझ्याकडे बघू लागली.

"मॅडम, हे तर..."

"पुढचंही काढ. आणि दार लाव."

५

बैठकीत पाचजण होते. टेबलाच्या टोकाला साहेब, उजवीकडे डॉक्टर, डावीकडे भाऊ आणि मी. काकू भिंतीलगतच्या खुर्चीत, पुढे सरकून बसलेल्या.

"बाई, झाली सही?" साहेबांनी विचारलं.

मी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली आणि बेरीज, बत्तीसचं कार्ड, फोटोग्राफरचा चार आकडी आकडा आणि शनिवारची वेळ, सगळं सांगितलं. सात मिनिटं लागली. डॉक्टर शेवटपर्यंत मंद हसत होते. त्यांना हसताना हात जोडून घ्यायची सवय आहे. त्यामुळे ते ऐकून घेताहेत असं वाटतं.

"फाइली मीच उतरवल्या," ते म्हणाले. "शास्त्रज्ञ माणूस आहे, राखीव प्रत ठेवतो. घरी संगणकावर घेतल्या, कार्ड साफ केलं, परत टाकल्या. यात गुन्हा काय? आणि बेरजेचं म्हणाल तर योगायोग. बाईंचा तराजूचा अभ्यास मोठा आहे, पण सजीवांचं शास्त्र थोडं निराळं असतं."

साहेब सुटल्यासारखे दिसले. "हो, हे पटण्यासारखं आहे."

"मग या कार्डावर त्याआधी काय होतं?" मी विचारलं.

"काय असणार? हेच फोटो."

"दुसरं काही नाही?"

"नाही."

"नक्की?"

"बाई, किती वेळा सांगू?"

मी संगणक त्यांच्याकडे वळवला आणि चित्रफीत चालू केली.

शुक्रवारची सकाळ होती. ढिम्मचं फूल पूर्ण उघडलेलं, पाकळ्यांच्या कडा मागे वळलेल्या, आतले पुंकेसर पिवळे धमक. संस्थेतल्या कुठल्याच नोंदीत नव्हता तो तिसरा दिवस. कडेनं एक ओला हात आला, फवाऱ्याचा.

पडद्यावरून डॉक्टरांचा आवाज आला: "काकू, बाजूला व्हा. चित्रात येताय."

हात मागे गेला. मग काकूंचा आवाज: "डॉक्टर, त्या कॅमेऱ्याचा दिवा लागत नाही वाटतं. जरा बघता का?"

"त्याचं तुम्ही बघू नका. पाणी मारा आणि जा."

मी थांबवलं. डॉक्टरांचे हात अजून जोडलेलेच होते, पण हसू सुटून गेलं होतं.

"बुधवार-गुरुवारची चित्रफीत गेली," मी म्हणाले. "शनिवारी त्यावर फोटो उतरवलेत, ते तिच्यावर बसले. पण फोटोंना बत्तीसच जीबी लागले. त्यापलीकडे शुक्रवार होता, तो राहिला. दोनशे छप्पनचं कार्ड तीन दिवस तुमच्या फोनमध्ये होतं. आणि तुमच्या फोनचं बत्तीसचं कॅमेऱ्यात."

भाऊंनी हळूच विचारलं, "पण का हो डॉक्टर? मागितलं असतंत तर आणखी एक आणलं असतं."

"परिषदेत दाखवायला स्वतःची चित्रफीत हवी होती," डॉक्टर म्हणाले. "फोनचं कार्ड त्याला अपुरं होतं. ते रिकामं करून खोळीत घातलं. मी हिशेब केला होता. फोटो तीन एमबीचा. दोन हजार म्हणजे साडेसहा जीबी. बत्तीस म्हणजे पाचपट झालं."

"तीन एमबीचा फोटो तुमच्या फोनचा," मी म्हणाले. "कॅमेऱ्याचा तीसचा. तुम्ही कॅमेऱ्याला विचारलं नाही, फोटोग्राफरला विचारलं नाही. आपल्या खिशातली वस्तू जगाचं माप आहे, असं धरून चाललात. शाळेत याला एक गुण कापतात."

"चूक झाली. मान्य आहे. कुणाच्याही हातून होते."

"चूक मंगळवारची. शनिवारी कार्ड भरलेलं दिसल्यावर तुम्ही नोंदवही उघडून त्या वेळेला आत कोण होतं ते शोधलंत. ती चूक नव्हती."

साहेबांनी घसा साफ केला. अशा वेळी त्यांना कुठला शब्द सापडणार, ते मला माहीत होतं आणि तोच सापडला.

"एकंदरीत मोठाच गैरसमज झाला म्हणायचा," ते म्हणाले. "असं करू. अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिहू. काकूंवरचा ठपका काढून टाकू, त्या आहेत तिथे राहतील. शुक्रवारची चित्रफीतही मिळाली. संस्थेचं नाव बाहेर खराब व्हायला नको. काय काकू, चालेल ना?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांना जे हवं होतं ते समोर ठेवलं होतं. बी पिकेपर्यंत काचघर, आणि निवृत्तीपर्यंत नोकरी. हो म्हणायचं, एवढंच काम होतं.

काकू उठल्या. टेबलाजवळ येऊन त्यांनी जुना अहवाल ओढून घेतला. दीड पान होतं, त्यांना वाचायला वेळ लागला. एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, 'सदर महिलेने कॅमेरा बंद केला.' हे लिहिलं तेव्हा बिघाड नव्हता का?"

"अहो, ते आता रद्दच झालं."

"रद्द कशाला करता? ओळ छान आहे. माणूस बदला." त्या बोट न उचलता म्हणाल्या. "'सदर डॉक्टरांनी कार्ड काढलं.' मी केलं म्हणून नाव घालून लिहिलं होतंत ना, मग त्यांनी केलं तेही तसंच लिहा. ते लिहायचं नसेल तर मला काढा. मी जाते. बोंडं तुम्ही सांभाळा."

साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी भाऊंकडे. भाऊंनी छताकडे. सहा आठवडे रोज सहा वेळा काचघरात जायची तयारी त्या तिघांपैकी कुणाच्याही तोंडावर दिसत नव्हती.

साहेबांनी पेन उघडलं. ओळ त्यांनी हातानंच लिहिली. दोनदा खोडली, कारण 'अनवधानाने' हा शब्द दोनदा घालून बघितला आणि दोन्ही वेळा काकू तशाच उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा ओळ सरळ आली. मी खाली सही केली.

बाहेर जिन्यावर डॉक्टरांनी काकूंना गाठलं. आवाज एकदम मऊ झाला होता.

"काकू, झालं ते झालं. मनात ठेवू नका. ती बोंडं कधी उकलणार, मला आधी कळवा हं. त्याचे फोटो नीट घ्यायला हवेत."

"कळवीन की," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी सहाला या. उकलतील तेव्हा दिसतीलच."

"रोज?"

काकू खाली उतरून गेल्या. डॉक्टर तिथेच थांबून सहा आठवड्यांचे दिवस बोटांवर मोजत होते. दोनदा मोजले, आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.